करकोच्याच्या ठशाबद्दल खरे काय ते

मी, ओटिलिया ह्राब्कोवा, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार गिरणीची गल्ली, घर क्रमांक नऊ, होर्नी यावोर, स्लोव्हाकिया, धंदा निळीची छपाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उजव्या गुडघ्याची हमी त्यांनी दिलेली नाही, मीही देत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती या घरात होती, माझी नणंद अमालिया, आणि ती गेल्या फेब्रुवारीत वारली. हे मृत्युपत्र मी आत्ताच का करते आहे, याचेही कारण तेच.

यापूर्वी २००९ साली मी एक मृत्युपत्र केले होते. ते मी रद्द करते. त्यातले ठशांबद्दलचे कलम खोटे होते.

कलम १. राहते घर, त्यामागची आलुबुखाराची झाडे आणि बँकेत माझ्या नावावर जे काही असेल ते, हे सर्व माझी एकुलती एक मुलगी सिडोनिया हिला मिळावे. ती कोशित्से शहरात दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. तिला या घरात परत येऊन राहायचे नाही हे मला ठाऊक आहे आणि त्याचा राग नाही. तिने घर विकावे. विकताना मात्र वसंतात तळघरात पाणी येते हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

कलम २. शेजारी बार्तोलोमेय चिंचुरा यांना माझी ॲल्युमिनियमची शिडी द्यावी. ती बारा वर्षे त्यांच्याकडेच आहे. कुंपणावरून बोलताना ते मधूनमधून म्हणतात, "ओटिल्का, ती तुझी शिडी आणून द्यायचीय हं एकदा." आता आणू नये. त्यांना या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची फार हौस होती, पण ज्याला काही मिळते त्याला सही करता येत नाही असे नोटरी बाई म्हणाल्या. शिडीपायी त्यांची सही गेली.

कलम ३. अंगणापलीकडचे नीळघर, त्यातली दोन्ही कुंडे, कापड ताणून निळीत सोडायचे लोखंडी चक्र, छपाईची टेबले आणि कापडाला झिलई देणारा मोठा रूळ, हे सर्व यूदिता बालाझोवा हिला द्यावे. यूदिता माझ्या नात्यातली नाही. बुटांचा कारखाना बंद पडल्यावर, अठरा वर्षांपूर्वी, ती माझ्याकडे आली. तेव्हापासून आम्ही दोघींनी मिळून काम केले आहे. सिडोनियाची याला संमती आहे आणि तिने ती लिहून दिली आहे.

छपाईच्या लेपाची कृती, म्हणजे कशाचे किती, या कागदावर लिहीत नाही. ती यूदिताला तोंडपाठ आहे. अमालिया वन्संनी ती मला लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितली होती. मी यूदिताला दुसऱ्या आठवड्यात सांगितली. यावरून वन्संच्या आणि माझ्या स्वभावातला फरक कळावा.

कलम ४. घराण्यातले जुने अठ्ठावीस ठसे, वेलींचे, ट्युलिपांचे, डाळिंबांचे, हेही यूदिताचे. ते वापरण्यासाठी आहेत. कोणा हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला विकू नयेत.

कलम ५. आता करकोच्याच्या ठशाबद्दल. हे कलम लांबणार आहे. नोटरी बाईंनी मला विचारले की हे सगळे मृत्युपत्रात कशाला, वेगळे पत्र लिहा. पत्र लोक हरवतात. मी स्वतः हरवली आहेत.

मी १९६२ साली लग्न करून या घरात आले. नीळघर वन्संच्या हातात होते. माझे यजमान वेंदेलीन त्यांचे धाकटे भाऊ. ते कुंडे सांभाळत आणि ठसे दुरुस्त करत. तेव्हा आम्ही सरकारी सहकारी संस्थेसाठी काम करायचो, पण खरी संस्था म्हणजे वन्सं. छपाई त्या एकट्या करायच्या. दुसऱ्या कोणाचा हात ठशाला लागला तर नक्षी थरथरते असे त्यांचे म्हणणे. मला त्यांनी रुळावर ठेवले. पाच वर्षे झाली तरी मी रूळच फिरवत होते.

मार्च १९६७ मध्ये सिडोनियाला गोवर आला. ती चार वर्षांची होती. मी गावच्या वाचनालयातून तिच्यासाठी चित्रांचे एक पुस्तक आणले. पंख मोडल्यामुळे दक्षिणेला जाऊ न शकलेला एक करकोचा गिरणीवाल्याकडे हिवाळा काढतो, एवढीच गोष्ट. चित्रे हेर्मिना झ्वारीकोवा यांची. नाव मी तेव्हा प्रथमच वाचले.

अकराव्या पानावर बर्फ पडला होता. पानावर दोन लाल काड्यांसारखे पाय, एक लाल चोच, डोळ्याचा ठिपका आणि पंखाच्या टोकाशी चार काळे फटकारे, एवढेच होते. बाकी पक्षी काढलेलाच नव्हता. तिथे कोरा कागद होता. तरी तो इतका भरीव आणि इतका गारठलेला दिसत होता की सिडोनियाने आपली रजई ओढून त्या पानावर घातली.

"आई, त्याला थंडी वाजतीय."

मी पुस्तक हातात घेतले आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिले.

आमच्या धंद्यात पांढरा रंग नसतो. ठशाने कापडावर लेप उमटवायचा, चिनी माती, डिंक आणि मोरचूद यांचा. तो वाळला की कापड निळीच्या कुंडात सोडायचे. लेपाखाली नीळ शिरत नाही. शेवटी लेप धुऊन काढला की तेवढी जागा पांढरी दिसते. म्हणजे पांढरे आम्ही छापत नाही, राखतो. मी हे पाच वर्षे रोज पाहत होते. पण आमच्या कापडावर बोटभर जागा मोकळी नसायची, सगळीकडे वेली आणि फुले, त्यामुळे काय राखले आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नसे. त्या दुपारी, तापलेल्या मुलीच्या उशाशी, मला माझा धंदा कळला. तोवर मी फक्त रूळ फिरवत होते.

संध्याकाळी मी ते पान वेंदेलीनना दाखवले.

"पक्षी कुठंय?" ते म्हणाले. "हे तर कोरंच आहे."

"जरा लांबून बघा."

त्यांनी पुस्तक लांब धरले. मग उठून खिडकीपाशी नेले. मग बसले. "अरेच्चा," ते हळूच म्हणाले, "हिनं काहीच काढलं नाही, आणि उभा आहे की तो!"

"ठसा कराल?"

"ताई जीव घेईल माझा."

"ते नंतरचं. कराल का?"

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण नंतर लोकांनी तिचे बरेच काही केले. मला चित्र काढता येत नव्हते. मी लोण्याचा आरपार दिसणारा कागद त्या पानावर ठेवला आणि पेन्सिलीने करकोचा जसाच्या तसा उतरवून घेतला. त्यात माझे काहीही नव्हते. याची लाज वाटली म्हणून मी झ्वारीकोवा बाईंना ब्रातिस्लावाला पत्र लिहिले, प्रकाशकाच्या पत्त्यावर. आम्ही अमुक धंदा करतो, तुमचा करकोचा कापडावर छापायची परवानगी द्याल का, वगैरे. वाटले होते उत्तर येणार नाही. दहा दिवसांत कार्ड आले. त्यावर लिहिले होते: "जरूर छापा. फक्त त्याच्याभोवती वेलबुट्टी काढू नका. त्याला थंडी वाजू द्या."

वेंदेलीननी १९६८ च्या हिवाळ्यात नाशपातीच्या लाकडात तो ठसा केला. बारीक रेघांना पितळी पट्ट्या, डोळ्याभोवती पितळी टाचण्या. वन्सं दर रविवारी चर्चला जात, तेवढ्या वेळात त्यांनी काम केले, म्हणून अकरा रविवार लागले. पहिले कापड मी स्वतः छापले. माझा हात थरथरला नाही. वीतभर अंतरावर एक करकोचा, आणि मध्ये मोकळी निळाई, दुसरे काही नाही.

वन्संनी ते दोरीवर वाळताना पाहिले. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय आहे, ओटिल्का?"

"करकोचा आहे, वन्सं."

"ते दिसतंय मला. बाकीचं कुठंय? गिऱ्हाइकाला काय सांगायचं, उरलेलं तुम्ही घरी जाऊन काढा?"

वेंदेलीन कुंडाच्या मागे गेले आणि तिथेच काहीतरी शोधत राहिले. त्यांना कठीण प्रसंगी नेहमी काहीतरी सापडत नसे.

"एक थान विकून बघू," मी म्हणाले. "नाही खपलं तर ठसा चुलीत घाला."

"घालीनच," वन्सं म्हणाल्या.

ते थान आमच्या गावच्या सुईणीने घेतले. करकोचा बाळे आणून देतो असे आमच्याकडे मुलांना सांगतात, म्हणजे तो तिच्या धंद्यातला पक्षी. तिने बाळंतिणींना सांगायला सुरुवात केली, आणि दोन वर्षांत या खोऱ्यातला एकही पाळणा करकोच्याच्या दुपट्याशिवाय राहिला नाही. वन्संनी ठसा चुलीत घातला नाही. एक दिवस मी नीळघरात गेले तर त्याच तो छापत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस, दुसरं टेबल घे." त्या दिवसापासून मी छापते आहे.

पुढचे जे लिहायचे आहे ते मी पन्नास वर्षे टाळले.

झ्वारीकोवा बाईंनी १९६९ साली सरकारविरुद्धच्या कुठल्याशा निषेधपत्रावर सही केली होती. १९७१ मध्ये त्यांची पुस्तके वाचनालयांतून काढून घ्यायचा हुकूम आला. त्यांना चित्रे काढायचे काम मिळेनासे झाले. त्या एका कारखान्यात मुरंब्याच्या बाटल्यांवरची लेबले रंगवू लागल्या. गावच्या ग्रंथपाल बाई मला बाजारात भेटल्या आणि भाजी निवडत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्याकडे ते करकोच्याचं पुस्तक पुन्हा गेलंय ना, ते हरवलंय असं मी लिहून घेते. तुम्हीही शोधू नका." अशा रीतीने ते माझ्याकडे राहिले.

१९७४ च्या ऑक्टोबरात संस्थेकडून एक निरीक्षक आले. तरुण, सभ्य, बूट पुसून आत आले. टेबलावर पसरलेले कापड त्यांनी बघितले आणि पिशवीतून एक फाटके पान काढले. अकरावे पान.

"हा पक्षी तुमच्याकडे कुठून आला?"

मी हातातला ठसा टेबलावर ठेवला. वेंदेलीन कुंडामागे होते. खरे सांगावे तर बंदी असलेल्या बाईचे चित्र छापल्याबद्दल नीळघराला कुलूप लागले असते, निदान आम्ही तिघे तरी संस्थेबाहेर गेलो असतो. सिडोनिया शाळेत होती, तिचेही पुढे काय झाले असते कोणास ठाऊक.

वन्सं हाताचा लेप फडक्याला पुसत पुढे आल्या.

"कुठून म्हणजे? आमच्या आजीच्या माहेरून. तिच्या लग्नाच्या पेटीत आला हा ठसा."

"हा ठसा इतका जुना आहे?"

"साहेब, लाकूड बघा ना हात लावून." वेंदेलीननी ठसा जुन्या, मोडलेल्या ठशाच्या लाकडातून केला होता, त्यामुळे मागची बाजू खरोखरच काळी पडली होती. निरीक्षकांनी हात लावला.

"मग या पुस्तकात तेच चित्र कसं?"

वन्सं क्षणभर थांबल्या. मी त्यांच्याकडे पाहत होते, म्हणून मला ठाऊक आहे की त्या थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, "ते त्या बाईला विचारा. गावोगाव फिरतात हे लोक, गरिबांच्या घरातलं बघून जातात आणि आपलं म्हणून छापतात."

निरीक्षकांनी ते लिहून घेतले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना आमच्याविरुद्ध काही नको होते, त्या बाईंविरुद्ध हवे होते, आणि ते वन्संनी त्यांच्या हातात ठेवले. तीन आठवड्यांनी एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: लोककलेवर डल्ला मारणारी चित्रकर्ती. आमच्या घराण्याचे नावही होते.

मी स्वयंपाकघरात तो कागद वन्संच्या पुढे टाकला. इतक्या वर्षांत मी तेव्हा एकदाच त्यांच्यावर आवाज चढवला.

"त्यांनी आपल्याला परवानगी दिली होती, वन्सं! फुकट!"

"आणि मी आपलं छप्पर वाचवलं," त्या म्हणाल्या. "ती तशीही बुडालेलीच होती. आपण बुडालेले नव्हतो."

"म्हणून तिच्या डोक्यावर पाय द्यायचा?"

त्यांनी पातेले पुढे ओढले. बटाटे सोलायला घेतले. मी झ्वारीकोवा बाईंना चार पत्रे लिहिली आणि चारही चुलीत घातली. वन्सं खोटे बोलल्या हे खरे. मी त्या वेळी गप्प बसले आणि नंतरही गप्प बसले, हे त्याहून जास्त दिवस चालले. १९८८ मध्ये जिल्ह्याच्या संग्रहालयाने ठसा मागितला. छापायला वेंदेलीननी तसाच दुसरा केला आणि जुना आम्ही देऊन टाकला. फॉर्मवर "पारंपरिक नक्षी, ह्राब्को घराणे, सुमारे १८५०" असे लिहिलेले होते. त्याखालची सही वन्संची नाही. माझी आहे.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने लिहायची राहू नये. ती पुस्तके वीस वर्षे देशात कुठेही मिळत नव्हती. आणि त्याच वीस वर्षांत या खोऱ्यात जन्मलेले प्रत्येक मूल झ्वारीकोवा बाईंच्या करकोच्याखाली झोपत होते. पुढे लोक मला म्हणू लागले की तुम्ही किती धाडसाने ते चित्र जिवंत ठेवलेत. मी धाडस केले नाही. कापड खपत होते आणि मला दुसरे काही काढता येत नव्हते.

१९९१ च्या मे महिन्यात एक बाई बसमधून उतरून चालत नीळघरात आल्या. उंच, सत्तरीच्या पुढच्या, पायात रबरी बूट. "मी झ्वारीकोवा," म्हणाल्या. "संग्रहालयात जाऊन आले. आता म्हटलं तुम्हाला भेटावं."

म्हणजे त्यांनी ठशाखालची पाटी वाचली होती, त्या फॉर्मवरच्या मजकुराची. वन्सं टेबलापाशी होत्या. त्यांनी पाहुणीला खुर्ची दिली, कॉफी केली, खसखस भरलेला गोड गुंडाळा कापला. तिघी बसलो.

मग झ्वारीकोवा बाईंनी गुंडाळ्याचा तुकडा मोडला आणि वन्संना म्हणाल्या, "तुमच्या आजीचा हात फार छान होता हो."

वन्संची मान ताठ झाली. "होता," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "आणखी घ्या ना. खसखस घरचीच आहे." मग त्या उठून कुंडाकडे गेल्या आणि पाहुणी निघेपर्यंत परत आल्या नाहीत.

मी रडायला लागले. सगळे सांगितले, निरीक्षक, ते पान, चुलीत घातलेली पत्रे. त्यांनी ऐकून घेतले.

"ते चार ओळींचं मला लागलं होतं," त्या म्हणाल्या. "उगाच नाही म्हणत नाही. मुरंब्याच्या कारखान्यातल्या बायका मला करकोचेचोर म्हणायच्या. आधी टोमणा होता, मग लाडाचं नाव झालं." त्या हसल्या. "पण आज बसमध्ये माझ्या पुढे एक मुलगी बसली होती, मांडीवर बाळ. दुपट्यावर हा पठ्ठ्या. वीस वर्षं मी त्याला कुठं पाहिलं नव्हतं. आणि खरंच थंडी वाजत होती त्याला. तुम्ही वेलबुट्टी काढली नाहीत."

मी म्हणाले की मी पाटी बदलून घेते, उद्याच जाते.

"ती कुंडापाशी उभी आहे ना, ती ऐकते आहे," त्यांनी आवाज न चढवता म्हटले. "तिला या वयात गावात मान खाली घालायला लावू नका. मला घाई नाही." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "ते सोडा. तेवीस वर्षं माझाच करकोचा छापताय. तुमचं काय?"

"मला चित्र नाही काढता येत."

"मलाही पक्षी काढता येत नव्हता, म्हणून तर कोरा सोडला. तुमच्या खिडकीतून काय दिसतं?"

"काही नाही हो. समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे."

"थंडीत?"

"थंडीत ते गोठतात. शर्ट पुठ्ठ्यासारखे उभे राहतात."

त्या नुसत्या बघत राहिल्या. मला ऐकू आले मी काय बोलले होते ते. गोठलेले पांढरे शर्ट आणि निळी थंडी. वीस पावलांवर होते. पन्नास वर्षांची होईपर्यंत मी ते पाहिले नव्हते.

तो ठसा वेंदेलीननी त्याच वर्षी केला, आणि या खेपेला लोण्याचा कागद लागला नाही. पहिला नमुना मी ब्रातिस्लावाला पाठवला. उत्तराचे कार्ड आले: "डावीकडचा शर्ट उगाच आहे. बाकी हेवा वाटला." मी डावीकडचा शर्ट काढला.

कलम ६. त्यानंतर मी दहा ठसे केले. धरणावरचा बर्फ, बसथांब्यावरचे बाक, दारात काढून ठेवलेले बूट, वेंदेलीन वारल्यानंतरची कुंडामागची रिकामी जागा, ही चार मला त्यातल्या त्यात बरी वाटतात. ही कापडे परदेशातही गेली. मुलाखती घ्यायला लोक आले. "तुम्ही हे कोणाकडून शिकलात?" असे विचारायचे. वन्सं शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. मी म्हणायचे, घराण्याची परंपरा. झ्वारीकोवा बाई १९९६ साली गेल्या. त्यांच्या हयातीत हे उत्तर मी निदान सात वेळा दिले. त्यांना घाई नव्हती हे खरे, पण त्यांनी वर्तमानपत्र वाचणे सोडलेलेही नव्हते.

असे हे माझे स्वतःचे अकरा ठसे आहेत. जिल्ह्याच्या संग्रहालयाला ते हवे आहेत. ते कोणत्या अटीवर द्यावेत हे कलम ९ मध्ये लिहिले आहे.

कलम ७. करकोच्याचे पुस्तक गावच्या वाचनालयाचे आहे, माझे नव्हे. ते परत करावे. बावन्न वर्षे उशीर झाला आहे. ते काचेच्या कपाटात न ठेवता मुलांच्या फळीवर ठेवावे आणि फाटेपर्यंत वाचू द्यावे. झ्वारीकोवा बाईंची दोन्ही कार्डे संग्रहालयाला द्यावीत, म्हणजे मी हे सगळे म्हातारपणी रचले असे कोणी म्हणणार नाही.

कलम ८. मला वेंदेलीनच्या शेजारी पुरावे. वन्संच्या कबरीवर दर वर्षी सर्व संतांच्या दिवशी यूदिताने एक मेणबत्ती लावावी. त्यांचे दुसरे कोणी नाही. गेल्या हिवाळ्यात शेवटच्या दिवसांत मी त्यांना खिमट भरवत होते. त्यांना पंचाण्णवावे वर्ष लागले होते आणि त्यांनी डोळे मिटलेले होते. एकदम म्हणाल्या, "करकोच्याचं मी मेल्यावर सांग. आधी नको."

"बरं, वन्सं."

"मी खोटारडी होते म्हणून सांग."

"सांगीन."

"आणि छप्पर वाचलं होतं, तेही सांग. नुसतं अर्धं सांगशील. तुला अर्धं मोकळं सोडायची सवय आहे."

मी दोन्ही सांगते आहे.

कलम ९. मार्चमध्ये मी संग्रहालयात गेले आणि पाटी बदला म्हणून सांगितले. संचालक बाई भल्या आहेत, पण गडबडल्या. "आजी, पुस्तिका छापून झालीय. आणि लोकांना जुनं आवडतं हो."

"मग मला ठेवा काचेत," मी म्हटले. "मी पुरेशी जुनी आहे."

म्हणून अट अशी: करकोच्याच्या ठशाखालची पाटी, माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, खालील मजकुराप्रमाणे बदलली, तरच माझे अकरा ठसे संग्रहालयाला द्यावेत. नाहीतर तेही यूदिताचे. मजकुरात एक शब्दही कमी-जास्त करू नये. नोटरी बाईंनी सुचवले होते की चौथ्या ओळीत "खोटे बोलून" याऐवजी "प्रसंगावधान राखून" असे लिहावे, ते बरे दिसेल. मी नको म्हटले. मजकूर असा:

करकोचा.
चित्र काढले: हेर्मिना झ्वारीकोवा, १९६४.
ठसा कोरला: वेंदेलीन ह्राब्को, १९६८.
खोटे बोलून वाचवला: अमालिया ह्राब्कोवा, १९७४.
गप्प बसून छापत राहिली: ओटिलिया ह्राब्कोवा.

वरील सर्व मी लिहिले, दोनदा वाचले, आणि त्यात आता काही घालायचे किंवा काढायचे राहिलेले नाही.

स्थळ: होर्नी यावोर
दिनांक: १९ सप्टेंबर २०२३

(सही) ओटिलिया ह्राब्कोवा

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार लिहून देतो की ओटिलिया ह्राब्कोवा यांनी आमच्या दोघांच्या समक्ष, शुद्धीत आणि खुशीने या कागदावर सही केली.

(सही) गिझेला ओन्द्रुशोवा, निवृत्त परिचारिका
(सही) क्रिश्तोफ मार्चेक, पोस्टमन